चारशे बारावी ओळ

कुकरची तिसरी शिट्टी व्हायची वाट न पाहता नाझियाने गॅस बंद केला, ओढणीला हात पुसले आणि पुन्हा टेबलाशी येऊन तीच मेल चौथ्यांदा उघडली. मेल ब्राझीलमधल्या एदुआर्दो नावाच्या माणसाची होती. शेतातल्या पंपांवर बसवायची छोटी यंत्रं तो बनवायचा. त्यातली तीस यंत्रं एकाच आठवड्यात आपोआप बंद पडली होती आणि दहा दिवस खपून त्याने कारण हुडकून काढलं होतं. खोट यंत्रात नव्हती, त्याच्या प्रोग्राममध्येही नव्हती. ती लिंकरमध्ये होती. त्याने फाइलचं नाव दिलं होतं, चारशे बारावी ओळ दाखवली होती, आणि त्या ओळीपुढे नाव होतं यासीन कमरुद्दीन. तारीख होती अकरा मार्च दोन हजार चौदा.

यासीन नाझियाचा थोरला भाऊ. अकरा मार्चला त्याला जाऊन साडेआठ महिने झाले होते.

आता लिंकर म्हणजे काय, हे सांगितल्याखेरीज पुढे जाण्यात अर्थ नाही. मोठा प्रोग्राम कोणी एका बैठकीत लिहीत नाही. त्याचे तुकडे असतात, वेगवेगळ्या हातांनी लिहिलेले, आणि प्रत्येक तुकडा दुसऱ्याला नावाने हाक मारत असतो. तो दुसरा राहतो कुठे, हे मात्र हाक मारणाऱ्याला ठाऊक नसतं. लिंकर हे सगळे तुकडे एका रांगेत बसवतो, प्रत्येक नावाला पत्ता देतो आणि जिथे जिथे हाक मारली असेल तिथे तो पत्ता लिहून टाकतो. पनवेलजवळ करंजाड्यात नव्या बिल्डिंगी उठत होत्या तेव्हा पोस्टमनच्या डोक्याला जो ताप होता तोच हा, असं यासीन सांगायचा. पत्ता जरा चुकला की प्रोग्राम भलत्याच घरात शिरतो आणि तिथेच कोसळतो.

हा लिंकर कोणा कंपनीचा नव्हता. दहा-बारा देशांतली माणसं आपापल्या घरी बसून तो सांभाळत, एक पैसा न घेता. प्रत्येकाकडे एकेक भाग, आणि कोणाकडे काय आहे त्याची एक यादी. यासीनकडे एका जुन्या, बारक्या चिपचा भाग होता. मोठ्या लोकांनी ती चिप कधीच सोडून दिली होती, पण पंप, वजनकाटे, लिफ्ट असल्या ठिकाणी ती अजून निमूटपणे काम करत होती. मोहल्ल्यातली माणसं म्हणायची, इतका हुशार पोरगा आणि ही फुकटची हमाली कशाला करतो. यासीन हसायचा. यादीचा नियम मात्र कडक होता. महिनाभर मेलला उत्तर आलं नाही की नाव काढायचं आणि भाग दुसऱ्याला द्यायचा. दुसरा कोणी मिळाला नाही, तर तो भागच लिंकरमधून काढून टाकायचा.

नाझिया त्यात कशी आली, तर भावाच्या डोळ्यांमुळे. साखरेने आधी त्याची किडनी खाल्ली, मग नजर. शेवटचं वर्षभर तो आठवड्यातून तीनदा डायलिसिसला जायचा आणि उरलेल्या दिवशी टेबलामागच्या दिवाणावर डोळे मिटून पडायचा. नाझिया कॉलेजात कॉम्प्युटर शिकवायची. दुपारी घरी आली की टेबलाशी बसून ती मेल वाचून दाखवायची, कोड वाचून दाखवायची, आणि मागून तो सांगेल ते टाइप करायची. तिला सुरुवातीला काही कळायचं नाही. तो चिडायचा नाही. घाई करू नकोस, म्हणायचा, आधी वाच, मग हात लाव. सहा महिन्यांत तिला इतकं कळायला लागलं की त्याचं अर्धं वाक्य झालं की उरलेलं तिच्या बोटांनी लिहून टाकलेलं असायचं.

रमजान बारा दिवसांवर आला असताना तो गेला. चाळिसावा होऊन आठवडाही झाला नव्हता, तेव्हा तिने सहज मेल उघडून पाहिली. एका जपानी माणसाने महिन्यापूर्वी एक साधा प्रश्न विचारला होता. त्याखाली आठवण करून देणारी दुसरी मेल, आणि तिच्याखाली यादी सांभाळणाऱ्या मिरोस्लावची तिसरी. हा चेक देशातला म्हातारा गृहस्थ, लिंकरचा सगळ्यांत जुना माणूस. यासीन, ठीक आहेस ना, एवढंच त्याने लिहिलं होतं. जपानी माणसाच्या प्रश्नाचं उत्तर नाझियाला येत होतं. भाई काय म्हणाला असता, तेही येत होतं. तिने ते लिहिलं, खाली यासीन लिहिलं आणि पाठवलं. फसवायचं वगैरे तिच्या मनातही नव्हतं. वर्षभर ती हेच तर करत आली होती.

आणि खरं सांगायचं तर, त्या दिवशी मागून त्याचा आवाज आला होता.

हे तिने कोणाला सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर मावशीने कोणा बाबाकडे नेलं असतं. पण आवाज यायचा. दुपारी घर शांत झालं, ती टेबलाशी बसली, कोडमध्ये अडली की दिवाणावरून तो यायचा, जरा थकलेला, नाकातला. ही फाइल नाही, हिच्या वरची बघ. तिने मागे वळून कधी पाहिलं नाही. वळलं की दिवाण रिकामा दिसणार, एवढी अक्कल तिला होती. न वळता काम करत राहिलं की भाई होता. अशा आठ-नऊ महिन्यांत त्याच्या नावाने चाळीसेक दुरुस्त्या गेल्या, एकीलाही कोणी नाव ठेवलं नाही.

आणि आता ही चारशे बारावी ओळ.

तिने ती ओळ उघडली. त्या बारक्या चिपमध्ये एका उडीत ठरावीक अंतरच कापता येतं. त्यापुढे जायचं तर लिंकरला मध्ये एक पायरी बांधावी लागते. अंतर मर्यादेहून कमी असेल तर पायरी नको, एवढंच त्या ओळीत तपासायचं होतं. पण तिथे लिहिलं होतं, कमी असेल किंवा बरोबर असेल तर नको. एक बरोबरचं चिन्ह जास्त. अंतर नेमकं मर्यादेइतकं आलं, की पायरी नाही आणि उडी खड्ड्यात. हजारातून एखाद्या वेळी होणार, आणि एदुआर्दोच्या यंत्रांत ते झालं होतं. मार्चमध्ये तिने तीन फाइली मोडून नव्याने लावल्या होत्या. चार दिवस ती त्याच कामात बुडालेली होती, आणि चारही दिवस मागून आवाज येत होता.

भाई असली चूक करणार नाही. कडेचं माप आधी, पोटातलं नंतर, हे त्यानेच तिला शिकवलं होतं. मग मार्चमध्ये मागून बोलत होता तो कोण? ती स्वतःच. दुसरं कोण असणार. चाळीस दुरुस्त्या, जपानी माणसाला दिलेलं ते पहिलं उत्तर, सगळं तिचंच. तिने इतके महिने स्वतःशीच संवाद केला होता आणि त्याला भाऊ म्हटलं होतं. दिवाण आपला दिवाणच होता. ती टेबलाशी बसून राहिली, आणि भाऊ गेला त्या दिवशी वाटलं नव्हतं इतकं एकटं तिला आता वाटलं.

दुपारी मिरोस्लावची मेल आली, सगळ्यांना मिळून. वाईट वाटतं, पण लिहावं लागतंय, अशी सुरुवात होती. यासीनचा हात पूर्वीचा राहिलेला नाही. असली चूक नवशिक्याची असते. त्याने गेल्या दोन वर्षांत केलेलं सगळं काम बाजूला काढून पुन्हा तपासावं, तोवर ते वापरात ठेवू नये, आणि त्याचा भाग दुसऱ्याकडे सोपवावा. सोमवारपर्यंत कोणाची हरकत आली नाही तर तसं करू. म्हणजे डोळे गेलेले असताना, सुयांनी हात काळेनिळे झालेले असताना भाईने दिवाणावरून सांगितलेलं एकेक अक्षर उचलून कोपऱ्यात टाकणार होते.

मागे दिवाण करकरला.

नाझियाने खुर्ची मागे सरकवली. तिने वळून पाहिलं. अब्बा होते. कमरुद्दीन असरच्या, तिसऱ्या प्रहरच्या नमाजला अवकाश आहे म्हणून आत येऊन बसले होते. मुलगा गेल्यापासून त्या दिवाणाला त्यांनी पाठ टेकली नव्हती. बावीस वर्षं कुवेतच्या बंदरात क्रेन चालवलेला माणूस, नंतर सात वर्षं न्हावा शेव्याला. बोलणं मोजकं. मुलाला माती देताना त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं नाही तेव्हा लोक आपसात म्हणाले होते, दगड आहे. संध्याकाळी ते तिला एकच विचारायचे, भाईचं काम बरं चाललंय ना, आणि ती हो म्हणायची. काम ती कोणाच्या नावाने करते, हे त्यांना माहीत नव्हतं. त्यांनी आज काही विचारायच्या आतच ती बोलून गेली. आवाजाचं सोडून सगळं सांगितलं. अब्बा ओरडतील, खोटं बोललीस म्हणतील, मयताच्या नावाने खेळ मांडलास म्हणतील, अशी तिने मनाची तयारी केली होती.

"म्हणजे तिकडे कोणाला ठाऊकच नाही?" त्यांनी विचारलं.

"नाही."

"त्यांच्या लेखी यासीन आहे."

"हो."

कमरुद्दीननी दिवाणावरच्या चादरीची एक सुरकुती हाताने सरळ केली. ती सरळ झाल्यावरही हात फिरवत राहिले.

"मग राहू दे ना," ते म्हणाले. "आणखी थोडे दिवस राहू दे. तुला काय जड जातंय?"

हे तिच्या ध्यानीमनीही नव्हतं. बापाला नाही म्हणायचं तिच्या जिवावर आलं, कारण त्याच्याइतकंच तिलाही ते हवं होतं. शेवटी तिने मिरोस्लावची मेल उघडली आणि जशी भावाला वाचून दाखवायची तशी एकेक वाक्य मराठीत सांगत गेली. हात पूर्वीचा राहिलेला नाही. नवशिक्याची चूक. सगळं बाजूला काढा. अब्बा मान खाली घालून ऐकत होते.

"हे यासीनबद्दल लिहिलंय?"

"हो, अब्बा. पण चूक माझी आहे. मार्चमधली आहे."

त्यांनी चादरीवरचा हात उचलला. मग म्हणाले, "क्रेनवाल्याच्या हातून कंटेनरचा एक डबा पडला ना, तर आधीचे दहा हजार कोणी मोजत नाही. माझ्या हातून एकही पडला नाही. त्याला मी हेच सांगायचो." त्यांनी मेलकडे बोट केलं. "लिही. यासीन गेला म्हणून लिही."

गेला हा शब्द त्यांच्या तोंडून तिने पहिल्यांदा ऐकला.

तिने स्वतःच्या पत्त्यावरून लिहिलं. मी नाझिया, यासीनची बहीण. माझा भाऊ अठ्ठावीस जून दोन हजार तेराला पनवेलमध्ये वारला. त्यानंतर त्याच्या नावाने जे काही आलं ते सगळं मी लिहिलेलं आहे आणि चारशे बारावी ओळही माझी आहे. त्याच्या कामात खोट नव्हती. तुम्हाला फसवलं याबद्दल माफी मागते. एवढंच लिहायला तिला तासभर लागला. अब्बा उठले नाहीत. असरची अजान झाली तरी उठले नाहीत.

"गेलं?" त्यांनी विचारलं.

"गेलं."

आणि मग कमरुद्दीन रडले. दहा महिन्यांचं साठलेलं सगळं त्यांनी तिथे त्या दिवाणावर बसून, तोंडावर रुमाल न धरता, मोकळं केलं. नाझिया जमिनीवर बसली आणि त्यांच्या गुडघ्यावर डोकं ठेवून तीही रडली.

दोन दिवस मेल येत राहिल्या. जपानी माणसाने लिहिलं की त्याने पहिल्यांदा पॅच, म्हणजे कोडमधली दुरुस्ती, पाठवला तेव्हा तो इतका वाईट होता की सगळे हसले, पण यासीनने रोज एक चूक याप्रमाणे तीन आठवडे त्याला शिकवलं. कोणी त्याच्या कबरीसाठी फुलं पाठवता येतील का म्हणून विचारलं. एदुआर्दोने पंपांबद्दल अवाक्षर काढलं नाही. मिरोस्लावने सगळ्यांसमोर शब्द मागे घेतले. यासीनचं काम जसं आहे तसं राहील, त्याचं नाव दिवंगतांच्या यादीत मानाने जाईल, आणि नाझियाची तयारी असेल तर तो भाग तिने सांभाळावा. मात्र आमच्यात ज्याची चूक त्याने दुरुस्त करायची रीत आहे, तेव्हा चारशे बारावी ओळ तूच नीट कर, असंही त्याने लिहिलं. अब्बांनी ती मेल दोनदा वाचून घेतली. मशिदीतून येताना त्यांनी बळीरामकाकांना, न्हावा शेव्याच्या जुन्या सोबत्याला, भर रस्त्यात थांबवून सांगितलं की पोराचं नाव साफ झालं.

तिसऱ्या दिवशी दुपारी नाझिया कामाला बसली. दुरुस्ती म्हणजे एक चिन्ह खोडायचं होतं. तिने ते खोडलं, टेस्ट चालवल्या, एक नवी टेस्ट लिहिली. मागून काहीच आलं नाही. येणार नव्हतंच. आता राहिली नोंद. दुरुस्तीबरोबर लिहावं लागतं की मूळ चूक कुठल्या नोंदीने लिंकरमध्ये शिरली, आणि त्या नोंदीचा क्रमांक द्यावा लागतो. तो शोधायला ती मार्चच्या आपल्या कामात शिरली.

मार्चमध्ये ती ओळ लिहिलेलीच नव्हती. एका फाइलमधून उचलून दुसऱ्या फाइलमध्ये ठेवली होती, बरोबरच्या चिन्हासकट, आजूबाजूच्या नव्वद ओळींसकट. शेवटी हात लावला तिने, म्हणून ओळीपुढे मार्चची तारीख आली. एदुआर्दोने तेवढंच पाहिलं होतं, आणि घाबरून तिनेही तेवढंच पाहिलं. तिने जुनी फाइल उघडली, तिच्या नोंदी मागे मागे नेल्या. नाव यासीनचं. तारीख, दोन जून दोन हजार तेरा.

दोन जूनला तो होता. तिला ती दुपार आठवली. आदल्या दिवशीच्या डायलिसिसने तो पार गळून गेला होता, पंखा फुल असूनही घामाने उशी भिजली होती. तिने विचारलं होतं, बरोबर तेवढंच अंतर आलं तर? आणि तो म्हणाला होता, चालेल, घे. तिला पटलं नव्हतं. पुन्हा विचारावं असं वाटलं होतं, पण त्याचा श्वास लागला होता, म्हणून तिने विचारलं नाही. तो बोलला तसं लिहिलं.

म्हणजे चूक भाईची होती. तिची नव्हती, मार्चमधल्या त्या आवाजाची नव्हती. त्या आवाजाने चार दिवस फक्त सांगितलं होतं की जे आहे ते जसंच्या तसं हलव, आणि तिने तसंच केलं होतं. तिने तोंडावर हात दाबला. भावाची चूक सापडली म्हणून कोणाला आनंद होतो का? तिला झाला. इतका झाला की ती उठून खिडकीशी गेली, गाढी नदीच्या दिशेने उघडं आभाळ दिसत होतं तिथे उभी राहिली आणि थांबून थांबून हसली. मग परत येऊन बसली, आणि तिला बाहेरच्या खोलीत अब्बांचा आवाज ऐकू आला. फोनवर ते आपटा गावच्या कोणा नातलगाला सांगत होते, यासीनच्या कामात एकही खोट निघाली नाही, परदेशातल्या माणसांनी लिहून दिलंय.

नाझियाने नोंद लिहिली. मूळ चुकीच्या जागी मार्चचा क्रमांक टाकला. खाली स्वतःचं नाव लिहून पाठवून दिली.

तासाभराने मिरोस्लावची मेल आली. सगळ्यांना नाही, तिला एकटीला. दुरुस्ती चांगली आहे, टेस्ट त्याहून चांगली आहे, असं लिहिलं होतं. त्याखाली आणखी दोन ओळी होत्या. मार्चमध्ये ही ओळ फक्त हललेली दिसते. तू जूनची नोंद पाहिलीस का?

तिने लिहिलं, "पाहिली. मार्चचाच क्रमांक राहू द्या."

बाहेर अब्बांचं बोलणं संपलं होतं. ती कॉम्प्युटरच्या पडद्याकडे बघत बसली. मिरोस्लाव काटेकोर आहे, एका स्वल्पविरामासाठी पॅच परत पाठवतो, असं यासीन सांगायचा. दहा मिनिटं झाली, पंधरा झाली. मग उत्तर न येता दुरुस्तीच लिंकरमध्ये गेली. तिने उघडून पाहिली. मिरोस्लावने खाली आपली सही केली होती आणि क्रमांक मार्चचाच ठेवला होता.